चौरंगावरचं चित्र

"अहो, हे सालपट बंबात घालू का?"

मी हातातला पेपर टाकून मागच्या पडवीत धावलो. आमच्या हिच्या एका हातात चिमटा होता आणि दुसऱ्या हातात अर्जुनाची साल. ती साल मी तीन आठवड्यांपूर्वी कोयनेच्या काठावरून आणली होती, भाजीच्या पिशवीत लपवून.

"नको, नको! ती लागणार आहे."

"कशाला?"

"चित्राला."

"लोकांच्या चित्राला रंग लागतात. तुमच्या चित्राला साल लागते, गांधीलमाशीचं पोळं लागतं, फाटकी पुस्तकं लागतात. उद्या पाहुणे आले तर त्यांना बसवू कुठे? त्या पोळ्यावर?"

बोलण्यात मी हिच्यापुढे कधीच टिकलो नाही. खरं तर कोणापुढेच टिकलो नाही.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी बासष्टचा होतो आणि कऱ्हाडातल्या एका वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं उलटली होती. चौतीस वर्षं मी लोकांनी परत केलेली पुस्तकं झटकून पाहिली. त्यातून काय काय पडायचं! पिंपळाची जाळी झालेली पानं, सुकलेला मोगरा, गुलाबाच्या पाकळ्या, मोरपिसाचा तुकडा, एकदा तर अख्खं फुलपाखरू. माणसं झाडापासून काहीतरी तोडून घेतात, पुस्तकात जपतात आणि विसरून जातात. ते फेकून द्यायचा माझा धीर होत नसे. पाकिटात घालून मी ते कपाटाच्या मागच्या बाजूला ठेवायचो. निवृत्त झालो तेव्हा अशी दोनशे पाकिटं, मोडीत निघालेला पुस्तकांच्या नोंद-कार्डांचा एक लाकडी खण आणि वाळवीनं खाल्लेल्या पुस्तकांचे पुठ्ठे एवढा ऐवज रिक्षात घालून घरी आणला.

मागच्या खोलीत मी हे सगळं प्लायवुडवर चिकटवत बसायचो. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी आणि चष्मा न लावता. चष्मा लावला की मी फाटक्या पानांवरचा मजकूर वाचायला लागायचो आणि तास निघून जायचा. चष्म्याविना सगळे नुसते डाग. हात जिथे जाईल तिथे जाऊ द्यायचा. मनाच्या तळाशी काय असतं यावर मी दोन-तीन जाड पुस्तकं वाचली होती, त्यातून ही कल्पना निघाली. कल्पना बरोबर होती की खुळेपणा होता, मला ठाऊक नाही. चष्मा लावून पाहिलं की खुळेपणाच वाटायचा.

त्या दिवशी हिनं साल खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवले.

"हे बघा, एकदा काय तो निकाल लावू. ते जमदाडे सर प्रदर्शन भरवतायत ना? तुमचं ते मोठं चित्र द्या तिथे. दहा दिवसांत एक तरी माणूस त्याच्यापुढे मिनिटभर थांबला, तर खोली तुमची. मरेपर्यंत एक शब्द बोलणार नाही."

"आणि नाही थांबला तर?"

हिनं बंबाकडे बोट दाखवलं.

"मिनिट म्हणजे... पूर्ण साठ सेकंद?"

"मग काय पन्नास? मिनिट म्हणजे मिनिट!"

मी हो म्हणालो. नाही म्हणणं मला कधी जमलंच नव्हतं.

प्रदर्शन बाजारपेठेमागच्या एका जुन्या गुळाच्या गोदामात होतं. भिंतींना चुना लावला होता, तरी गुळाचा वास येत होता आणि मुंग्यांनी आपला रस्ता सोडला नव्हता. जमदाडे सर म्हणजे शाळेतले चित्रकला शिक्षक, चाळिशीचे, सतत घाईत. त्यांनी माझं चित्र बघून डोकं खाजवलं. चार फूट उंच प्लायवुड, खाली तो कार्डांचा खण जोडलेला. खणात नदीकाठची काळी माती आणि तिच्यावर पाच प्रकारचं धान्य पसरलेलं. वर पुठ्ठ्यांचा एक मोठा काळपट गोळा, त्याच्या माथ्यावर पिंपळाची पानं आणि अगदी वरून पुस्तकबांधणीच्या दोऱ्यात ओवून सोडलेली वाचकांची सुकी फुलं. कार्डावर मी चित्राचं नाव लिहिलं होतं, ‘अंतर्मन आणि माती’. माझं नाव त्याच्या निम्म्या आकारात.

"काका, हे खिळ्यावर राहायचं नाही. मातीचं वजन आहे."

"मग परत नेऊ का?" मी आशेनं विचारलं.

"छे हो!" त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. उद्घाटनाच्या समईसाठी कुणीतरी चौरंग आणून ठेवला होता. समई खाली उतरवून त्यांनी माझं चित्र चौरंगावर भिंतीला टेकवून उभं केलं. "झकास!"

उद्घाटन दुसऱ्या दिवशी झालं. सरांनी तारीख शाळेच्या परीक्षा बघून धरली होती आणि मी निवृत्त झाल्यापासून तारखा बघणंच सोडलं होतं. पंचांग आम्ही दोघांनीही पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवसापासून मी गोदामातल्या एका लाकडी खांबाआड खुर्ची टाकून बसलो, मांडीवर पुस्तक उघडं ठेवून. तिथून मला चित्र दिसत नव्हतं, पण त्याच्यापुढे येणाऱ्यांचे चेहरे दिसायचे. आपल्याच चित्राजवळ उभं राहायची मला लाज वाटायची. मी बाजूच्या दारानं यायचो आणि बाजूच्या दारानंच जायचो. मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मात्र कधी नव्हे एवढा कामाला लागला होता.

"किती?" संध्याकाळी हिनं विचारलं.

"सात."

"बरीच आली की हो माणसं!"

"माणसं नव्हेत. सेकंद."

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ अकरा सेकंद थांबले, पण ते चपलेत गेलेला खडा काढत होते. तिसऱ्या दिवशी एका मुलीनं आईला विचारलं, "हे पडलंय का असंच आहे?" आणि आई तिला ओढत घेऊन गेली. मी मांडीवरच्या पुस्तकाचं तेच पान तीन दिवस वाचत होतो.

चौथ्या दिवशी काहीतरी बदललं. दोन बायका थांबल्या. वीस सेकंद! मी श्वास रोखून घड्याळ पाहत होतो. पाचव्या दिवशी एक म्हाताऱ्या बाई पंचेचाळीस सेकंद उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा इतका शांत झाला होता, की मला वाटलं, त्या जाड पुस्तकांत लिहिलंय ते खरं असणार. आपल्या तळातलं दुसऱ्याच्या तळापर्यंत पोचतं. घरी आल्यावर मला जेवण जाईना.

"बरं वाटत नाही का?" ही म्हणाली.

"पंचेचाळीस," मी म्हणालो.

"अरे वा!" असं म्हणून हिनं मला एक जास्तीची पोळी वाढली.

सहाव्या दिवशी दुपारी चार वाजता प्रदर्शनाबरोबरच्या स्पर्धेसाठी कोल्हापूरहून परीक्षक येणार होत्या. मी सकाळीच खांबाआड जाऊन बसलो. थोड्या वेळानं पाच-सहा बायका एकदम आल्या, सरळ माझ्या चित्राकडे गेल्या आणि थांबल्या. वीस, तीस, चाळीस. पन्नास. तेवढ्यात त्यातल्या एकीनं पर्समधून पुडी काढली, वाकून चित्राला हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले आणि त्या पुढे गेल्या.

मी उठलो. सहा दिवसांत पहिल्यांदा मी माझ्या चित्रापुढे जाऊन उभा राहिलो.

खणातली माती हिरवी झाली होती. गहू, ज्वारी, मका, सगळं चांगलं चार बोटं वर आलं होतं, फिकट, कोवळं, एकमेकांना टेकून. माझ्या सुक्या फुलांच्या शेजारी कारळ्याच्या पिवळ्या फुलांच्या सहा माळा लोंबत होत्या. पुठ्ठ्यांना कुंकवाची बोटं लागली होती.

"कोणी केलं हे?" मी म्हणालो.

"म्या," मागून उत्तर आलं. गोदाम झाडायला येणाऱ्या हौसाक्का खराटा घेऊन उभ्या होत्या. साठीच्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या. "तुमी का वो? तुमीच बसिवलाय न्हवं ह्यो? बसिवला आन् गेला निघून! पैल्या दिवशी सांच्याला बगतीया तर माती कोरडी ठाक. म्हनलं ह्यो कसला मानूस, घट बसवून पानी घालायचं इसारला."

"घट?"

"आवं, चौरंगावर बसिवलाय, खाली माती हाय, पाच धान्यं हायती, वर पानं हायती. घट न्हाई तर काय पाटा-वरवंटा हाय? रोज सकाळच्या पारी पानी घालती, माळ सोडती. म्हनलं हाय बिचारा बिनबायकूचा."

"बायको आहे मला."

"मग तिला ठावं न्हाई का?" हौसाक्का गालातल्या गालात हसल्या.

मी मटकन शेजारच्या बाकावर बसलो. म्हणजे वीस सेकंद, पंचेचाळीस सेकंद, तो शांत चेहरा, सगळं घटासाठी होतं. माझं चित्र कोणी पाहिलंच नव्हतं. मला बंबाचा धूर डोळ्यापुढे दिसायला लागला.

तेवढ्यात जमदाडे सर आले. रोज ते संध्याकाळी अंधार पडता पडता एक चक्कर मारायचे. आज पहिल्यांदाच उजेडात आले होते. चित्रापाशी आल्यावर त्यांचं तोंड उघडं राहिलं.

"काका! हे काय?"

"उगवलंय," मी म्हणालो.

"ते दिसतंय! अहो, स्पर्धेचा नियम आहे, चित्र दिल्यावर त्यात बदल करायचा नाही. आणि हे हळदकुंकू? मी प्रदर्शन भरवलंय, देवघर नाही. चारला मॅडम येतायत. आपण हे मागच्या खोलीत ठेवू." त्यांनी बाह्या सरसावल्या. "धरा त्या बाजूनं."

मी उठलो आणि खरंच त्या बाजूनं धरलं. सांगितलं की करायचं, अशीच माझी सवय.

खराटा आडवा आला.

"हात लावू नगा," हौसाक्का म्हणाल्या.

"हौसाक्का, बाजूला व्हा. चित्र आहे हे."

"चित्र आसंल तुमचं. माती माज्या पान्यानं भिजलीया. बसलेला घट दसऱ्याच्या आत हलवत्यात व्हय? तुमच्या घरात कुनी हलिवलाय कदी?"

"आमच्या घरचं सोडा हो—"

"का सोडू? तुमच्या आईला इचारते की उद्या. मंडईत भेटत्यात रोज."

जमदाडे सर चपापले. मग त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "काका, तुम्हीच सांगा यांना. चित्र तुमचं आहे. हा घट आहे का?"

त्याच वेळी ही माझा डबा घेऊन दारातून आत आली. आम्हा तिघांना एका चित्राभोवती असे उभे पाहून ती थबकली.

हा घट आहे का? मी चित्राकडे पाहिलं. मला दिसलं वाळवीनं खाल्लेलं एक मुखपृष्ठ, त्यावर अर्धवट अक्षरं. मी ती वाचायला लागलो. मग सवयीनं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसू लागलो आणि तसंच वर पाहिलं.

डाग एकमेकांत मिसळले. काळपट गोळ्याला गळा आला, गळ्याला काठ आला, काठावर पानं. वरून उतरलेल्या माळा, खाली हिरवं. आमच्या जुन्या घरात देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आई घट बसवायची, तो हाच. गळ्याशी एका बाजूला जरा चेपलेला सुद्धा. मी तीन महिने रोज पहाटे तो चिकटवत होतो आणि मला पत्ता नव्हता.

मी हिच्याकडे पाहिलं. ही चित्राकडे पाहत होती. डबा हातात तसाच. हौसाक्कांनी खराटा खाली केला. किती वेळ गेला सांगता येणार नाही.

"आपल्याकडचा आहे हा," शेवटी ही म्हणाली.

"तुला कसा माहीत? तू तर..."

"लग्नाच्या वर्षी सासूबाईंनी माझ्याकडून बसवून घेतला होता. एकदाच. पुढच्या वर्षी त्या गेल्या आणि तुम्ही म्हणालात, आता हे घरात नको, आपण वाचणारी माणसं. मी म्हटलं, बरं." ती जमदाडे सरांकडे वळली. "सदतीस वर्षं झाली. मला नको म्हणाले आणि आता बघा, चोरून बसवतायत. तोही परक्याच्या चौरंगावर."

हौसाक्का खो खो हसत सुटल्या. जमदाडे सरांनाही हसू आवरेना. मला मात्र हिच्या त्या ‘बरं’चा आवाज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ऐकू आला.

"काका," सर जरा मऊ होऊन म्हणाले, "सगळं मान्य. पण नियम आहे. स्पर्धेतून बाद करावं लागेल. तेव्हा आत ठेवू या, काय?"

"नाही," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सुद्धा स्वतःकडे बघितलं असतं, जमलं असतं तर.

"बाद करा," मी म्हणालो. "नाव काढा पाहिजे तर. हलवायचं नाही. दसऱ्यापर्यंत हे इथंच राहील आणि हौसाक्का पाणी घालतील."

"आता कसं!" हौसाक्का म्हणाल्या.

जमदाडे सरांनी हात वर केले. "बरं बाबा. पण मॅडमना उत्तर तुम्ही द्यायचं."

डबा तसाच राहिला. ही बाकावर माझ्याशेजारी बसली आणि चित्राकडे बघत राहिली. मग माझं मनगट धरून तिनं घड्याळ स्वतःकडे वळवलं.

"आल्यापासून किती झाली?"

"पंचवीस."

"सेकंद?"

"मिनिटं."

"मग बंबासाठी वखारीतून लाकडं सांगा," ती म्हणाली. "आणि उद्या त्या खोलीला जाळ्या झाडून घ्या. मी झाडणार नाही, आधीच सांगते."

चारला शिरगावकर मॅडम आल्या. मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं, ते ऐन वेळी विसरलो. त्या चित्रापुढे उभ्या राहिल्या, गुडघ्यावर बसल्या, पानं मोजल्यासारखी बघितली आणि विचारलं, "याला पाणी कोण घालतं?"

"म्या," हौसाक्का म्हणाल्या. "ह्यांनी निस्तं बसिवलं."

"मग कार्डावर दोन नावं हवीत."

जमदाडे सरांनी खिशातलं पेन काढलं. माझ्या बारीक नावाखाली त्यांनी चांगल्या ठळक अक्षरात लिहिलं, ‘आणि हौसाबाई मदने’. हौसाक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते हिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग कार्ड पदरानं पुसलं. बक्षीस एका निसर्गचित्राला मिळालं. चांगलं होतं ते.

उरलेले चार दिवस मी खांबाआड बसलो नाही. ही रोज सकाळी कारळ्याची फुलं घेऊन यायची. हौसाक्का आणि ही मिळून माळ ओवायच्या आणि सगळ्या पेठेची खबरबात काढायच्या. मला दोरा धरायचं काम होतं.

दसऱ्याच्या सकाळी हौसाक्का नवं लुगडं नेसून आल्या. गोदामात गर्दी झाली होती.

"मास्तर, उठवा आता," त्या म्हणाल्या.

मी खणापुढे बसलो. दहा दिवसांचं धान वीतभर उंच झालं होतं. ते तोडलं की चित्राचं काय उरणार, हा विचार माझ्या मनात आला, नाही असं नाही. शेजारी जमदाडे सर कॅमेरा घेऊन उभे होते, ते हळूच म्हणालेच, "काका, तसंच ठेवलं तर?" मी दोन्ही हातांनी पहिला जुडगा मुळापासून ओढला. माती सुटताना बारीक आवाज झाला. एक तुरा मी हौसाक्कांना दिला, एक हिला. मग माणसं पुढे येत गेली. कोणी टोपीत खोवला, कोणी कानावर, कोणी पोरीच्या वेणीत. जमदाडे सरांनी कानावर तुरा ठेवून मोबाईलमध्ये स्वतःला पाहिलं आणि खूश झाले. अर्ध्या तासात खण रिकामा झाला. पांढऱ्या मुळ्यांची जाळी तेवढी राहिली आणि माझं चित्र सगळ्या पेठेत पांगलं.

हिनं उरलेला तुरा माझ्या कानावर खोवला. मी काढणार होतो, पण तिनं डोळे वटारले.

एरवी मी मागच्या बोळानं घरी जायचो. त्या दिवशी आम्ही सरळ मोठ्या रस्त्यानं निघालो. ही नेहमीप्रमाणे चार पावलं पुढे. सोन्याच्या पानांचे ढीग घेऊन बायका बसल्या होत्या. चौकात आमच्या वाचनालयाचे एक जुने सभासद भेटले, माझ्याइतकेच पुस्तकातले किडे. ते माझ्या कानाकडे बघतच राहिले.

"काय ठोसर, तुमच्याकडे घट बसतो?"

"बसतो," मी म्हणालो.

हिनं मागे वळून पाहिलं नाही. फक्त तिची चाल जरा मंदावली. मी तिला गाठलं, आणि आम्ही बरोबरीनं चालू लागलो.